वाचकांचे प्रश्न : उडती चकती आणि नेमबाजाची वर्षे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे एकाच खेळाविषयी आहेत. शॉटगनने हवेतली चकती फोडण्याच्या या खेळाबद्दल मराठीत फार थोडे लिहिले जाते. आपल्याकडे नेमबाजी म्हटले की अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसच्या कांस्यपदकानंतर स्वप्नील कुसाळे ही नावे ओठांवर येतात, आणि ही सगळी मंडळी रायफल किंवा पिस्तुलाची. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा शॉटगनला दिली आहे.

प्रश्न (नाशिक) : रायफलची स्पर्धा टीव्हीवर पाहून समजते, पण क्ले टार्गेटमध्ये नेमके काय चालते ते कळत नाही. ट्रॅप आणि स्कीट यांत फरक काय? चकतीला मातीची का म्हणतात?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चकती मातीची नसतेच. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखे पिच यांच्या मिश्रणातून ती साच्यात काढतात. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन १०५ ग्रॅम असते आणि हातात घेतली तर ती उपड्या ठेवलेल्या बशीसारखी दिसते. ती इतकी ठिसूळ असते की निष्काळजीपणे हाताळली तर खोक्यातच तडकते. तरीही यंत्राच्या झटक्याने ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे फेकली गेली तरी ती अखंड राहिली पाहिजे, म्हणून मिश्रणाचे प्रमाण फार जपावे लागते. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी १८८० साली पहिली चकती काढली ती मात्र खरोखरच भाजलेल्या मातीची होती, आणि नाव तेव्हापासून चिकटले. त्याआधी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेम धरीत असत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवरची नेमबाजी झाली होती. ‘क्ले पिजन’ आणि ‘ट्रॅप’ हे दोन्ही शब्द त्याच काळातले आहेत, आणि ती प्रथा गेली हे फार बरे झाले.

ट्रॅपमध्ये नेमबाजाच्या पुढे १५ मीटरवर जमिनीत एक खंदक असतो. त्यात १५ यंत्रे बसवलेली असतात, म्हणजे नेमबाजांच्या पाच जागांपैकी प्रत्येकीसमोर तीन. नेमबाज बंदूक खांद्याला लावून तयार उभा राहतो आणि ‘पुल’ असा आवाज देतो. मायक्रोफोन तो आवाज टिपतो आणि तत्क्षणी त्या तिघांपैकी एका यंत्रातून चकती सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की सरळ, हे त्याला ठाऊक नसते. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. २५ चकत्यांच्या एका फेरीत प्रत्येकाला दहा डाव्या, दहा उजव्या आणि पाच सरळ चकत्याच मिळतात. सर्वांच्या वाट्याला सारखेच येते, फक्त क्रम कोणालाच माहीत नसतो. म्हणून ‘मला अवघड चकत्या आल्या’ ही तक्रार या खेळात चालत नाही. प्राथमिक फेरीत एका चकतीवर दोन गोळ्या झाडता येतात, आणि पहिली चुकल्यावर दुसरी झाडायची की नाही, एवढा विचार करायलाही वेळ नसतो.

स्कीटमध्ये चित्र वेगळे असते. दोन बाजूंना दोन घरे असतात, एक उंच आणि एक बुटके. त्यांच्यातून चकत्या एकमेकींची वाट ओलांडत जातात. नेमबाज अर्धवर्तुळावरच्या सात आणि मधल्या एका अशा आठ जागांवरून क्रमाने नेम धरतो. चकतीचा मार्ग त्याला आधीच माहीत असतो, पण बंदूक कमरेपाशी, जॅकेटवरच्या ठरलेल्या खुणेला टेकवून धरावी लागते, आणि आवाज दिल्यावर चकती लगेच किंवा तीन सेकंदांपर्यंत केव्हाही सुटू शकते. चकती दिसल्यावरच बंदूक वर न्यायची, आणि प्रत्येक चकतीला एकच गोळी. आडव्या जाणाऱ्या चकतीच्या मीटरभर पुढे नेम धरला तरच छरे आणि चकती एका जागी भेटतात.

दोन्ही प्रकारांत काडतूस २४ ग्रॅम छऱ्यांचे असते, म्हणजे सुमारे तीनशे बारीक छरे. इतके छरे एकदम सुटतात तर नेम सोपा असेल, असे अनेकांना वाटते. ज्यांना तसे वाटते त्यांनी एकदा पंचाच्या खुर्चीत बसावे. मी काही वर्षे स्थानिक स्पर्धांत ते काम केले आहे. चकतीचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा सुटला पाहिजे, असा नियम आहे. नुसती धूळ उडाली आणि चकती पुढे निघून गेली, तर गुण मिळत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात चकतीच्या कडेवरून धुळीचा पातळ पडदा सुटतो, नेमबाज बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, रिकामे काडतूस काढतो आणि मान वळवून पंचाकडे पाहतो. छरे लागले आहेत हे दोघांनाही कळलेले असते, आणि तरीही ‘चुकली’ असेच नोंदवावे लागते.

प्रश्न (सातारा) : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला या खेळाची ओढ लागली आहे. यात कारकीर्द किती वर्षे टिकते? एखाद्या नेमबाजाचा सुरुवातीपासूनचा प्रवास सांगितलात तर तिच्यापुढे ठेवता येईल.

उत्तर : आपल्या मुलीच्या वयाला जवळचे म्हणून अमेरिकेच्या किम ऱ्होड यांचे उदाहरण देतो. मला स्वतःला या खेळातली सर्वांत शिकवण देणारी कारकीर्द हीच वाटते, आणि त्याचे कारण पदकांच्या संख्येपेक्षा त्या पदकांच्या मधल्या वर्षांत आहे.

ऱ्होड यांचा जन्म १९७९ सालचा, कॅलिफोर्नियातला. घरात शिकारीची परंपरा होती; वयाच्या दहाव्या वर्षी त्या स्कीट खेळू लागल्या. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांची डबल ट्रॅप स्पर्धा पहिल्यांदाच घेतली गेली. या प्रकारात दोन चकत्या एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येकीला एक गोळी मिळते. सतरावा वाढदिवस होऊन एक आठवडाच झालेला असताना ऱ्होड यांनी त्या स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. २००० साली सिडनीत कांस्य, २००४ साली अथेन्समध्ये पुन्हा सुवर्ण. आणि त्यानंतर महिलांचा डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

येथे जरा थांबून विचार करावा, असे मी आपल्याला आणि आपल्या मुलीला सांगेन. पंचवीस वर्षांच्या एका खेळाडूकडे तीन ऑलिंपिक पदके आहेत, आणि ज्या प्रकारात ती मिळवली तो प्रकार उद्यापासून ऑलिंपिकमध्ये नाही. दुखापत नाही, घसरण नाही, प्रतिस्पर्ध्याने मागे टाकले असेही नाही. कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ तेवढी खोडली गेली. ऱ्होड यांनी स्कीट पुन्हा हाती घेतले. लहानपणी ते खेळलेले होते हे खरे. पण लहानपणी खेळलेला प्रकार आणि ऑलिंपिकच्या तोडीचा प्रकार यांत फार अंतर आहे. ट्रॅपच्या कुळात चकती नेमबाजापासून दूर जाते आणि बंदूक आधीच खांद्याला असते. स्कीटमध्ये चकती आडवी जाते आणि बंदूक कमरेपासून वर आणावी लागते. पावलांची ठेवण, कंबर वळवण्याची लय, नजर कोठे थांबवायची, हे सारे नव्याने घडवावे लागते. अशा वेळी शरीरात मुरलेली जुनी सवयच आड येते.

चार वर्षांनी, २००८ साली, बीजिंगमध्ये त्यांनी स्कीटचे रौप्य घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची पेराझी बंदूक गाडीतून चोरीला गेली. अटलांटापासून त्यांनी तीच वापरली होती. ज्यांनी शॉटगन कधी हाताळली नाही त्यांना हे नुकसान पैशाचे वाटेल. पण या खेळातल्या बंदुकीचा दस्ता नेमबाजाच्या गालाच्या उंचीला, खांद्याच्या खोलीला, हाताच्या लांबीला मिलिमीटरच्या हिशोबाने बसवलेला असतो. शॉटगनवर मागची माशी, म्हणजे नेम जुळवण्याची डोळ्याजवळची खूण, नसते. नेमबाजाचा डोळाच मागची माशी असतो, आणि गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला तरच तो डोळा रोज त्याच जागी राहतो. चाहत्यांनी पैसे जमवून त्यांना नवी बंदूक घेऊन दिली. पुढच्या वर्षी जानेवारीत पोलिसांना जुनी बंदूकही सापडली.

२०१२ साली लंडनमध्ये त्यांनी शंभरपैकी नव्व्याण्णव चकत्या फोडून सुवर्ण जिंकले आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. त्यानंतर मुलाचा जन्म, पित्ताशयाची शस्त्रक्रिया, आणि बंदूक उचलायलाही जड जावी असे काही महिने. २०१६ साली रिओमध्ये कांस्यपदकासाठी चीनच्या वेई मेंग यांच्याशी बरोबरी झाली, आणि शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा फेरी, जिंकून त्यांनी पदक मिळवले. सलग सहा ऑलिंपिकमध्ये, पाच खंडांवर, सहा वैयक्तिक पदके. पुढे टोकियोच्या संघनिवडीत मात्र त्यांना जागा मिळाली नाही.

सरावाच्या दिवसांत आपण पाचशे ते हजार चकत्यांवर नेम धरतो, असे ऱ्होड यांनी अनेकदा सांगितले आहे. आपल्या मुलीने या आकड्याचे दडपण घेऊ नये. चौदाव्या वर्षी दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे पन्नास चकत्या, मन लावून खेळल्या तर पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त झाल्या की खांदा दुखतो, धक्क्याच्या भीतीने डोळा मिटू लागतो, आणि ती खोड मोडायला वर्षे जातात. तिला एवढेच सांगावे की ट्रॅप आणि स्कीट दोन्ही हातांत असू द्यावेत, निदान पहिली तीन-चार वर्षे.

प्रश्न (पुणे) : राज्यवर्धनसिंह राठोड यांच्या पदकानंतर भारत डबल ट्रॅपमध्ये बलवान होता, असे वाचनात आले. मग त्या नेमबाजांचे पुढे काय झाले?

उत्तर : आपला प्रश्न मागच्या उत्तराचीच दुसरी बाजू आहे. राठोड यांनी नेमबाजी हाती घेतली ती सैन्यात अधिकारी असताना, तिशीच्या उंबरठ्यावर. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये त्यांचा सराव चालत असे. २००२ साली मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, आणि १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्समध्ये डबल ट्रॅपचे रौप्य. १९५२ साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले ते कांस्य होते. त्यानंतरची लिअँडर पेस आणि कर्णम मल्लेश्वरी यांची पदकेही कांस्यच. बावन्न वर्षांनी रंग बदलला तो राठोड यांच्या शॉटगनने.

त्यांच्या मागून आलेली पिढी खरोखरच बलवान होती. रंजन सोढी यांनी २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि २०१० व २०११ अशी सलग दोन वर्षे विश्वचषकाची अंतिम स्पर्धा जिंकली. पण २०१६ नंतर पुरुषांचा डबल ट्रॅपही ऑलिंपिकमधून गेला. २०१८ साली चांगवॉन येथे अंकुर मित्तल डबल ट्रॅपचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्या विजेतेपदाला ऑलिंपिकचे दार उरलेच नव्हते. त्याच वर्षी पंधरा वर्षांच्या शार्दूल विहानने आशियाई स्पर्धेत रौप्य घेतले. त्या मुलाने ज्या प्रकारात हात घडवला तो प्रकार त्याच्या डोळ्यांदेखत मावळत होता. मला याचे मनापासून वाईट वाटते. ज्या थोड्या खेळांत भारताची खोली होती त्यांतला हा एक होता, आणि तो हातून गेला तो आपल्या चुकीने नव्हे.

डबल ट्रॅपची जागा टोकियोत स्त्री-पुरुष जोडीच्या मिश्र ट्रॅपने घेतली आणि पॅरिसमध्ये मिश्र ट्रॅपच्या जागी मिश्र स्कीट आले. पॅरिसला महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंह नारुका यांची जोडी कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४४-४३ अशी हरली. ४८ चकत्यांत एका चकतीचा फरक होता. ट्रॅपमध्ये मात्र आपली परंपरा जुनी आहे आणि ती टिकून आहे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्य मिळवले; दिल्लीतल्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचेच नाव आहे. रणधीरसिंह यांनी १९७८ साली बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण, मानवजीतसिंह संधू यांनी २००६ साली झाग्रेबमध्ये विश्वविजेतेपद, आणि २०२३ साली हांगझू येथे क्यनान चेनाई, जोरावरसिंह संधू व पृथ्वीराज तोंडैमान या तिघांनी सांघिक सुवर्ण मिळवले.

प्रश्न (अहिल्यानगर) : आम्ही शेतकरी. घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोरची बंदूक आहे. मुलाला तिच्यावर सराव करता येईल का? आणि आमच्यासारख्यांना हा खेळ परवडतो का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. शस्त्र परवाना एका व्यक्तीच्या नावे आणि एका कारणासाठी दिलेला असतो. पीकसंरक्षणाची बंदूक मुलाच्या हाती सरावासाठी दिली तर परवाना आणि मुलाचे भवितव्य दोन्ही धोक्यात येतील. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. त्याखालच्या वयाच्या मुलांना प्रशिक्षणासाठी सवलत आहे, पण ती मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखाली. म्हणून आधी संस्थेचे सदस्यत्व, मग प्रशिक्षण, आणि परवान्याचा अर्ज योग्य वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे. शिवाय घरगुती बाराबोर बहुधा एकनळी असते किंवा तिच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. स्पर्धेची बंदूक एकावर एक नळ्यांची असते, आणि दोघींचा तोल इतका वेगळा की एकीवर लागलेला हात दुसरीवर उपयोगी पडत नाही.

परवडण्याचे उत्तर मला आपल्याला गोड करून सांगायचे नाही. हिशोब असा की ट्रॅपची स्पर्धा १२५ चकत्यांची, म्हणजे निदान १२५ आणि जास्तीत जास्त २५० काडतुसे. सरावाच्या दिवशी तीन फेऱ्या धरल्या तरी ७५ चकत्या आणि शंभराच्या आसपास काडतुसे उडतात, आणि उडालेले काडतूस पुन्हा मिळत नाही. क्रिकेटची बॅट दहा वर्षे टिकते. येथे प्रत्येक गोळीला पैसा लागतो. त्यावर इटलीहून आयात केलेली बंदूक, प्रवास आणि रेंजचे शुल्क. या खेळाच्या इतिहासात राजघराण्यांची आणि सैन्याधिकाऱ्यांची नावे इतकी का दिसतात, याचे उत्तर या हिशोबातच आहे.

तरीही वाट बंद नाही, आणि ती कोठून जाते हे दाखवणारी दोन उदाहरणे आपल्या शेजारच्याच राज्यात आहेत. भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीत मासेमाराची मुलगी मनीषा कीर तयार झाली आणि २०१८ साली तिने कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्य मिळवले. इटारसीची प्रीती रजक ही ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवणाऱ्याची मुलगी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ती सैन्याच्या मिलिटरी पोलीस दलात खेळाडू म्हणून हवालदार झाली, हांगझूला मनीषा आणि राजेश्वरी कुमारी यांच्यासह तिने सांघिक रौप्य जिंकले, आणि २०२४ साली ती भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार ठरली. या दोघींच्या मागे बंदूक, काडतुसे आणि प्रशिक्षक यांचा खर्च उचलणारी यंत्रणा होती. आपल्या राज्यात रायफल आणि पिस्तुलासाठी जे उभे राहिले, तसे शॉटगनसाठी उभे राहिले तर अहिल्यानगरच्या मुलाला भोपाळकडे पाहावे लागणार नाही. ही मागणी खेळाडूंच्या पालकांनी एकत्र येऊन शासनाकडे लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.

मुलगा आवडीने रमलाच, तर राज्य स्पर्धेनंतर त्याला ग. वा. मावळंकर यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेची माहिती घ्यावी लागेल. राष्ट्रीय स्पर्धेची वाट पिढ्यानपिढ्या तिच्यातून गेली आहे. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांचे घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली तिचे ते पहिले अध्यक्ष. मैदानाबाहेरच्या एका मराठी माणसाने या खेळाला देशात घर दिले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही.

प्रश्न (ठाणे) : माझे वय ४६. आता सुरुवात केली तर उशीर झाला का?

उत्तर : आवडीसाठी मुळीच नाही, आणि स्पर्धेसाठीही वय हे एकटे कारण ठरत नाही. कुवेतचे अब्दुल्ला अल रशिदी यांनी टोकियोत स्कीटचे कांस्य घेतले तेव्हा ते ५७ वर्षांचे होते आणि ते त्यांचे सातवे ऑलिंपिक होते. आपले मैराज अहमद खान यांनी २०२२ साली चांगवॉन विश्वचषकात स्कीटचे सुवर्ण जिंकले, ते नेमके आपल्या वयाचे असताना. दोघांच्याही मागे कित्येक वर्षांचा सराव होता, हे मात्र विसरू नये. आपण आधी कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, आणि रेंजवर पहिल्या दिवसापासून कानांना संरक्षक लावा. श्रवणशक्ती एकदा गेली की परत येत नाही.

प्रश्न (मडगाव) : या खेळात ताकदीपेक्षा नजर आणि मन महत्त्वाचे असेल, तर स्त्रिया आणि पुरुष यांच्या स्पर्धा वेगळ्या का?

उत्तर : हा प्रश्न १९९२ सालापासून अनुत्तरित आहे. त्या वर्षी बार्सिलोनात स्कीटची स्पर्धा सर्वांसाठी खुली होती. चीनच्या झांग शान यांनी अंतिम फेरीपर्यंतच्या २०० पैकी २०० चकत्या फोडल्या आणि एकूण २२५ पैकी २२३ गुणांसह पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकले. पुढच्या, अटलांटाच्या, ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवले गेले. स्त्रियांसाठी ते २००० साली वेगळी स्पर्धा म्हणून आले. सुवर्णविजेतीला चार वर्षांनी आपले सुवर्ण राखण्यासाठी उभेही राहता आले नाही, हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळ्या स्पर्धेमुळे अनेक देशांच्या स्त्रियांना संधी मिळाली, हेही तितकेच खरे. बराच काळ स्त्रियांना प्राथमिक फेरीत ७५ चकत्या आणि पुरुषांना १२५ असा भेद होता. तो २०१८ साली संपला, आणि टोकियोत स्लोव्हाकियाच्या झुझाना श्टेफेचेकोवा यांनी ट्रॅपच्या १२५ पैकी १२५ चकत्या फोडून दाखवल्या.

प्रश्न (कोल्हापूर) : माझी नात नेम धरताना एक डोळा मिटते. प्रशिक्षक रागावतात. यात चूक काय?

उत्तर : रायफलमध्ये ते चालून जाते, शॉटगनमध्ये नाही. येथे नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघायचेच नसते. नजर चकतीच्या पुढच्या कडेवर ठेवायची आणि हात नजरेमागून न्यायचे, जसे आपण चेंडू झेलताना तळव्याकडे बघत नाही. एक डोळा मिटला की अंतराचा आणि वेगाचा अंदाज अर्धा होतो, आणि मिटलेल्या बाजूने येणारी चकती उशिरा दिसते.

पण रागावण्याआधी एक गोष्ट तपासावी. आपल्या नातीला समोर पाच-सहा मीटरवर एखादी वस्तू दाखवा, दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट करायला सांगा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून ती वस्तू पाहायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो तिचा प्रबळ डोळा. ती उजव्या खांद्यावरून नेम धरत असेल आणि प्रबळ डोळा डावा निघाला, तर एक डोळा मिटणे ही तिची खोड नसून तिच्या शरीराने काढलेला उपाय आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. वय लहान असेल तर बंदूक डाव्या खांद्यावर न्यावी; सहा महिने अवघडल्यासारखे होईल, पण पुढे सोपे जाते. हात पक्का बसलेला असेल, तर नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, तिने दस्त्यावर गाल टेकवल्यावर बुबुळ जेथे येते नेमक्या त्या जागी, अर्धपारदर्शक टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवावा. दोन्ही डोळे उघडे राहतात, चकती दोन्ही डोळ्यांना दिसते, आणि नळीची रेघ फक्त उजव्या डोळ्याला. टेपची जागा ठरवायला एक जण समोर उभा राहावा लागतो. बंदूक रिकामी आहे आणि मोडून दाखवलेली आहे याची दोघांनी खात्री करून, प्रशिक्षकांच्या समोरच हे करावे.